मलिक अंबर : गुलामापासून राज्यरक्षकापर्यंत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की तीत एखादे चरित्र असावयाचेच. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण वाचली, मुलींना वाचावयास दिली, हळदीकुंकवाच्या समारंभात त्यांवर भाषणेही झाली. यंदा संपादक भगिनींनी हे काम माझ्याकडे सोपविले तेव्हा मात्र माझ्या मनात एक निराळाच माणूस घोळत होता. तो पुरुष आहे, त्याचा जन्म आफ्रिकेत झाला आणि तो लहानपणी बाजारात विकला गेला. स्त्रियांच्या स्मरणिकेत त्याचे काय काम, असे कोणी विचारील. हा लेख शेवटपर्यंत वाचल्यावर त्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल अशी मला आशा आहे.

हा विषय सुचण्याचे कारण सांगते. मध्यंतरी मंडळातल्या काही जणींनी अमेरिकेतील गुलामगिरीवरचा ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ हा चित्रपट पाहिला. २०१३ साली निघालेला हा चित्रपट खऱ्या हकिगतीवर आधारलेला आहे. सॉलोमन नॉर्थप नावाचा न्यूयॉर्क राज्यातला एक स्वतंत्र, बायकामुलांचा संसारी कृष्णवर्णी गृहस्थ १८४१ साली फसवून पळविला गेला आणि दक्षिणेतल्या लुईझियानाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबविला गेला. १८५३ साली त्याची सुटका झाली. त्या मळ्यावरील कापूस वेचणाऱ्या पॅट्सी नावाच्या मुलीचे हाल पाहताना सगळ्यांचेच डोळे पाणावले. बोलता बोलता एकीने विचारले की, असले काही आपल्या मुलखात तरी कधी नव्हते ना? त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झाले. कारण असले काही आपल्या मुलखात होते. आणि ज्याने ते सोसले, त्याने वसविलेल्या शहरात आपण आजही लग्नाचा बस्ता बांधावयास, दवाखान्यास व कोर्टकचेरीस जात असतो.

ते शहर म्हणजे पूर्वीची खडकी, नंतरचे औरंगाबाद, आणि २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. ते वसविणारा म्हणजे मलिक अंबर.

त्याच्या चरित्राकडे वळण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या अहमदनगरच्या निजामशाहीची अंबरने पुढे पंचवीस वर्षे राखण केली, त्या निजामशाहीचे मूळ पाथरीशी जोडलेले आहे. इतिहासकार फरिश्ता सांगतो की, या घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. त्या घरातले लोक विजयनगरच्या मुलखात गेले असता त्यांचा एक मुलगा बहामनी फौजेच्या हाती सापडला. त्याला गुलाम म्हणून बिदरला नेण्यात आले आणि त्याचे नाव हसन ठेवण्यात आले. हाच मलिक हसन बहामनी राज्याच्या वजिरीपर्यंत चढला आणि त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० साली निजामशाही स्थापन केली. आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून निजामशहांना पाथरीची ओढ होती. १५१८ साली बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडून ती जिंकून घेतली. तेव्हा गुलामी ही दूरदेशच्या कोण्या एका वर्णाच्याच कपाळी लिहिलेली असते असे समजू नये. युद्धात, दुष्काळात, कर्जात सापडलेले मूल पाथरीच्या कुलकर्ण्याचे असले तरी विकले जाई.

आता अंबरची हकीगत. इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, तो जन्मला. त्याचे घरचे नाव चापू. दारिद्र्याने गांजलेल्या आईबापांनी त्याला विकले असे एक वृत्तांत सांगतो. काही लेखक त्याला पळवून नेले असे मानतात. कसेही असो, एक लहान मूल आईपासून तुटले आणि तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तानातल्या मोखा बंदराच्या बाजारात उभे राहिले. आज मोखा म्हटले की कॉफी आठवते. त्या काळी तेथे माणसेही विकली जात. तेथून तो बगदादला गेला. मीर कासिम नावाच्या एका बड्या सौदागराने त्याला घेतले, मुसलमान धर्माची दीक्षा दिली, लिहावयास वाचावयास शिकविले, हिशेबठिशेब शिकविला आणि अंबर हे नवे नाव दिले. अंबर हे एका सुगंधी द्रव्याचे नाव होय. गुलामांना अशीच नावे देण्याची रीत होती. काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक, अंबर म्हणजे सुवास. अत्तराच्या कुपीला किंवा अंगठीतल्या खड्याला जसे नाव असते तसे हे माणसाचे नाव. चापू ही हाक पुढे त्याला कोणी मारली नाही.

१५७० नंतरच्या काही वर्षांत हा तरुण दक्षिणेत आला. त्या काळी आपल्या दख्खनच्या दरबारांना हबशी गुलामांची मोठी गरज वाटे. दरबारात दोन तट असत. एक इराण-तुराणातून आलेल्या परदेशी अमिरांचा, दुसरा येथल्या दख्खनी लोकांचा. प्रत्येक अमिराला आपल्या शब्दाबाहेर न जाणारी माणसे हवी असत. ज्याला गाव नाही, नातेगोते नाही, माघारी जाण्याची वाट नाही, असा विकत घेतलेला मुलगा धन्याशी एकनिष्ठ राहतो, हा त्यामागचा हिशेब. म्हणून व्यापारी जहाजे भरभरून हबशी मुले कोकणच्या व गुजरातच्या बंदरांत उतरवीत आणि त्या बदल्यात दख्खनचे कापड नेत. अंबरला विकत घेणारा धनी निजामशाहीचा पेशवा चंगेजखान. त्याच्या पदरी हजारभर हबशी गुलाम होते. त्यांपैकी हा एक.

येथे अमेरिकेतली गुलामी आणि आपल्याकडली गुलामी यांतला फरक ध्यानात घेतला पाहिजे. तेथे गुलाम आणला जाई तो मळ्यावर राबण्यासाठी. व्हर्जिनिया वसाहतीत १६६२ साली असा कायदा झाला की, मूल कोणाचेही असो, त्याची दशा आईच्या दशेप्रमाणे ठरेल. आई गुलाम तर मूल गुलाम. म्हणजे आईच्या कुशीलाच बेडी घातली. कातडीचा रंग ही गुलामीची खूण झाली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पुसली गेली नाही. आपल्याकडे हबशी गुलामाच्या हाती बहुधा तलवार दिली जाई. धनी मरण पावला किंवा संतुष्ट झाला तर तो मोकळाही होई, लग्न करी, फौज बाळगी, सरदार होई. परंतु म्हणून आपल्याकडली रीत दयेची होती असे मी म्हणणार नाही. वरच्या पायरीवर पोहोचलेल्यांचीच नावे आपल्याला ठाऊक असतात. जी मुले वाटेतच दगावली, जी लढाईत पहिल्या फळीत पडली, ज्या मुली जनानखान्यात विकल्या गेल्या, त्यांची चरित्रे कोण लिहिणार?

चंगेजखान मोठा कर्तबगार पेशवा होता. १५७४ साली वऱ्हाडचे राज्य निजामशाहीत आले ते बव्हंशी त्याच्यामुळे. पण दरबारी कारस्थानांनी राजाचे मन त्याच्याविषयी कलुषित झाले आणि राजाज्ञेने त्याला विष देण्यात आले. धनी गेला. त्याच्या मालमत्तेची मालकी आता त्याच्या बायकोकडे आली, आणि गुलाम हीही मालमत्ताच होती. मनात आणते तर ती अंबरला दुसऱ्या अमिरास विकू शकली असती. उमेदीच्या वयाचा, लिहितावाचता, हिशेबी गडी. त्याचे दाम चांगले आले असते. तिने तसे केले नाही. तिने त्याला मोकळे केले.

भगिनींनो, या ठिकाणी मी क्षणभर थांबते. इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत येते आणि त्या ओळीत ही बाई केवळ चंगेजखानाची विधवा म्हणून उभी असते. नुकताच नवरा गेलेला, तोही राजाच्या रोषाने. घरावर संकट कोसळलेले. अशा वेळी हाती आहे नाही ते धरून ठेवावे असे कोणालाही वाटेल. त्या वेळी तिने जे सोडले त्याची फळे साऱ्या दख्खनने चाखली. खडकी शहर, मराठी सरदारांची वाढ, मोगलांना पंचवीस वर्षे घातलेला अटकाव, या सगळ्यांच्या मुळाशी तिचा हा एक निर्णय आहे.

मोकळा झालेल्या अंबरने बीबी करीमा नावाच्या सिद्दी स्त्रीशी लग्न केले आणि तो नशीब काढण्यास विजापूरकडे गेला. आदिलशाहीत त्याने चाकरी केली, थोडे लोक जमविले आणि तेथेच त्याला मलिक ही पदवी मिळाली. मलिक म्हणजे सरदार, मालक. एके काळी जो दुसऱ्याच्या मालकीचा होता त्याच्या नावामागे आता मालकपण लागले. परंतु मोठी दौलत काही हाती आली नाही. १५९५ साली तो निजामशाहीत परत आला तेव्हा त्याच्याबरोबर अवघे दीडशे स्वार होते आणि त्याचे वय सत्तेचाळीसच्या घरात गेले होते. पन्नाशीला टेकलेला माणूस आपण संपला असे समजतो. अंबरचे खरे आयुष्य त्या वयात सुरू झाले.

ते दिवस निजामशाहीच्या मरणाचे होते. अकबर बादशहाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या. राज्यात चार तट आणि चार राजे उभे राहिलेले. अशा वेळी अहमदनगरचा किल्ला एका स्त्रीने लढविला, ती चांदबीबी. हुसेन निजामशहाची ही मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. तिने १५९६ साली मोगलांचा वेढा हटविला खरा, पण त्यासाठी वऱ्हाड द्यावे लागले. पुन्हा वेढा पडला तेव्हा तहाची बोलणी करणारी राणी फितूर झाली अशी हूल उठवून तिच्याच लोकांनी १६०० साली तिचा खून केला. त्यानंतर लवकरच किल्ला पडला, बाल राजा कैद होऊन उत्तरेस गेला. आता निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले.

अंबरला तसे वाटले नाही. राजधानी गेली म्हणजे राज्य गेले असे नव्हे, हे त्याने ओळखले. निजामशाही घराण्यातला एक तरुण त्याने शोधून आणला, धाराशिव भागातल्या परांड्याच्या किल्ल्यात दुसरा मूर्तजा निजामशहा म्हणून त्याला गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला देऊन नाते जोडले. मोगलांशी त्याची झुंज आपल्या अगदी अंगणात झाली. १६०२ च्या सुमारास नांदेडजवळच्या लढाईत तो इतका जखमी झाला की मोगलांच्या हाती पडावयाचाच. पण त्याच्या हबशी व दख्खनी लोकांनी जिवाची पर्वा न करता त्याला उचलून नेले. भाडोत्री शिपाई असे करीत नाहीत. त्या वेळेपर्यंत त्याने लोकांची मने किती जोडली होती याची ही साक्ष आहे.

पुढे राजू दख्खनी या प्रतिस्पर्ध्याचा बंदोबस्त करून त्याने दौलताबादचा भाग घेतला आणि १६१० साली अहमदनगरचा किल्लाही मोगलांकडून परत मिळविला. विल्यम फिंच हा इंग्रज प्रवासी त्याच सुमारास हिंदुस्थानात होता. अंबरच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे त्याने नोंदविले आहे. या दख्खनी लोकांत मराठ्यांचा भरणा मोठा होता. मोगलांच्या अवजड फौजेपुढे समोरासमोर उभे राहणे परवडणारे नाही, हे ओळखून अंबरने हलक्या घोडदळावर भर दिला. रसद तोडावयाची, रात्री छापा घालावयाचा, शत्रूला डोंगरात खेचावयाचे आणि स्वतः नाहीसे व्हावयाचे. ही गनिमी लढाई मराठी बारगिरांच्या अंगची. अंबरने तिला राज्याचे शस्त्र बनविले. वेरूळचे मालोजी भोसले निजामशाहीत चढले, त्यांचे पुत्र शहाजीराजे या धामधुमीत लढाई शिकले. शहाजीराजांचे सासरे, जिजाबाईंचे वडील, सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे मात्र पुढे मोगलांकडे गेले. माहेर एका बाजूस आणि सासर दुसऱ्या बाजूस असा पेच जिजाबाईंच्या वाट्याला आला तो याच काळात.

अंबर नुसता लढवय्या असता तर मी त्याच्याविषयी इतके लिहिले नसते. त्याने खडकी या लहानशा गावी नवे शहर वसविले. १६१२ साली उभारलेला भडकल दरवाजा आजही तेथे उभा आहे. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी पुऱ्यांची नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठी सरदारांवरून पडली. पण त्या शहराचा खरा प्राण म्हणजे पाणी. उत्तरेच्या डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली झिरपणारे पाणी बोगद्यांतून गोळा करावयाचे, खापरी नळांतून उताराने शहरात आणावयाचे आणि दाब मोकळा करण्यासाठी वाटेत उंच बंबे बांधावयाचे, अशी ही योजना. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. मोट नाही, बैल नाही, केवळ उतार आणि अक्कल यांवर घरोघर पाणी आले. विसाव्या शतकातही या नहरीचे पाणी लोक वापरीत होते. उन्हाळ्यात घागरी घेऊन टँकरची वाट पाहिलेल्या आपणा मराठवाड्यातल्या बायकांना या कामाचे मोल निराळे सांगावयास नको. ज्याने तोफा ओतल्या त्याची नावे पोरे पाठ करतात. ज्याने डोक्यावरची घागर खाली उतरविली त्याचे नाव आपण तरी घ्यावे.

शेतकऱ्यांसाठीही त्याने मोठे काम केले. सारावसुलीचे मक्ते देण्याची पद्धत बंद केली, कारण मक्तेदार रयतेला पिळून काढीत. जमिनीची प्रत पाहून व काही वर्षांच्या पिकाचा अंदाज घेऊन धारा ठरविला, पुढे तो रोख पैशात बांधून दिला आणि गावच्या मिरासदारांचा जमिनीवरील हक्क पक्का केला. मलिकंबरी धारा हा शब्द पुढे कित्येक पिढ्या आपल्या खेड्यांत चालत राहिला. पीटर व्हान डेन ब्रूके नावाचा डच व्यापारी १६१७ साली त्याच्या छावणीत आला होता. अंबरच्या मुलखात शिक्षा कडक असून वाटसरू सोने घेऊनही निर्धास्त जाऊ शकतो, अशी त्याने नोंद केली.

एवढे ऐश्वर्य आले तरी गुलामीचा डाग जगाने त्याच्या कपाळावरून पुसला नाही. याच ब्रूकेने लिहून ठेवलेली एक हकीगत फार बोलकी आहे. निजामशहाची थोरली राणी इराणी होती. दोघी सवतींत एकदा बाचाबाची झाली आणि त्या राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची जात काढून हिणविले, तिच्या बापालाही नावे ठेविली. मुलीने हे बापाला कळविले. सासर-माहेरच्या भांडणात असले टोमणे कोणी ऐकले नाहीत? पण हा टोमणा मोख्याच्या बाजारापर्यंत जाऊन भिडला. अंबरने राणीला आणि राजालाही विष देवविले आणि राजाच्या पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसविले. ज्या विषाने त्याचा जुना धनी मेला होता तेच आता त्याने दुसऱ्यास पाजले. हे कृत्य मी झाकून ठेवणार नाही आणि त्याचे समर्थनही करणार नाही. मात्र एक अपशब्द इतका खोल का गेला, हे समजून घेतले पाहिजे. त्याच्या गौरवाच्या भरात आणखी एक गोष्ट विसरू नये. ज्या बाजाराने त्याला आईपासून तोडले तो बाजार त्याने बंद केला नाही. हबशी गुलामांच्या भरतीवर त्याचीही ताकद उभी होती.

तिकडे आग्र्याचा जहांगीर बादशहा अंबरच्या नावाने चडफडत असे. आपल्या आत्मचरित्रात तो त्याचा उल्लेख त्याच्या वर्णावरून हिणवूनच करतो. १६१६ च्या सुमारास त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याला टोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. हे चित्र आज आयर्लंडमधील डब्लिन शहराच्या एका संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. रणात जे साधले नाही ते कागदावर साधून घेतले.

पराभव अंबरच्याही वाट्याला आले. १६१६ साली जालन्याजवळ रोषणगावच्या लढाईत तो हरला आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. त्याने ती पुन्हा उभी केली. १६२१ साली शहाजहानच्या स्वारीत ती दुसऱ्यांदा बेचिराख झाली. तीही त्याने उभारली. १६२४ साली मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकत्र होऊन त्याच्यावर चालून आल्या. अंबर तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेला. अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल करून सोडला, रसद तोडली, रात्री छापे घातले आणि अखेर दोन्ही फौजांचा धुव्वा उडविला. शहाजीराजे या लढाईत नावारूपास आले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी येथेच कामी आले. मग विजयाच्या आवेशात अंबरने आदिलशहाचे नवरसपूर शहर लुटून जाळले. आपली खडकी जळताना त्याने दोनदा पाहिली होती. तरीही हात आवरला नाही. युद्ध माणसाला असेच करून सोडते.

१४ मे १६२६ रोजी, अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास, मलिक अंबर मरण पावला. आयुष्यभर ज्याने त्याला शिव्या दिल्या त्या जहांगिराच्याच इतिहासकाराला, मुतमिदखानाला, लिहावे लागले की गुलामांतून वर आलेला याच्या तोडीचा माणूस इतिहासात दुसरा झाला नाही. त्याच्या मागे मुलगा फत्तेखान याला राज्य सांभाळता आले नाही. १६३३ साली दौलताबाद गेले. शहाजीराजांनी एक बाल राजा मांडीवर घेऊन तीन वर्षे झुंज दिली आणि १६३६ साली निजामशाही संपली. पण त्या झुंजीतून काय शिकावयाचे ते शिवनेरीवर जन्मलेल्या बालकाने पुढे शिकून घेतले.

आता सालांचा एक योगायोग पाहा. अंबर खडकीत राज्य चालवीत असता, १६१९ साली, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर एक जहाज वीसएक आफ्रिकी बंदिवान घेऊन लागले. त्या देशातल्या इंग्रज वसाहतींतील गुलामगिरीची कथा तेथून सुरू झाली. ती १८६५ सालच्या घटनादुरुस्तीने कायद्यातून संपली. त्यासाठी त्या राष्ट्राला आपसात चार वर्षे लढावे लागले. हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामांवरील मालकी न्यायालयांनी मानण्याचे बंद झाले. आणि १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले तेव्हा ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांनाच अर्पण केले. त्या दूरच्या दुःखाचे आपल्या दुःखाशी नाते आहे, हे जोतीरावांनी त्या काळी ओळखले होते.

आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई. परंपरा सांगते की, तिच्या बापाने तिला लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी नेऊन ठेविले. नामयाची दासी हेच नाव तिने आयुष्यभर मिरविले आणि दळण-कांडण करीत संतपदाला पोहोचली. तिची गोष्ट बाजारात विकल्या गेलेल्या मुलाची नव्हे, हे मला समजते. पण दुसऱ्याच्या घरात वाढणाऱ्या, दुसऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेकराचे दुःख गोदाकाठाला परके नव्हते, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

आजही ते फार दूर गेलेले नाही. दिवाळीच्या आगेमागे आपल्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवराबायकोचा कोयता दुसऱ्याच्या शब्दावर चालतो आणि त्यांच्यामागे पाचटात बसलेल्या पोरांची शाळा बुडते. वेठबिगारीविरुद्ध १९७६ पासून कायदा आहे. पण कायदा कागदावर असतो आणि मूल दारासमोरून जाते. ही गुलामी आहे असे मी म्हणत नाही. ज्यांनी बेड्या घातल्या त्यांच्या दुःखाची तुलना हलकेपणाने करू नये. परंतु कर्जापायी लहान मूल आपल्या वाटेवरून खेचले जाणे, ही चापूच्या गोष्टीची पहिली पायरी आहे. टोळी निघण्यापूर्वी एखाद्या घरी जाऊन मुलीला गावात आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्याविषयी सांगणे, तिच्या वह्यांची सोय करणे, हे आपल्या मंडळाच्या आवाक्यातले काम आहे. चंगेजखानाच्या विधवेपाशी राज्य नव्हते, फौज नव्हती. तिच्या हाती एक माणूस होता, तो तिने सोडला. आपल्या हातून एखादे मूल सुटले तर ते पुढे काय होईल हे आज कोणी सांगावे!

वेरूळच्या घृष्णेश्वराला आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीला आपण सहली काढतोच. पुढच्या वेळी अर्धा तास अधिक काढावा. खुलताबादेत दगडी घुमटाखाली मलिक अंबरची कबर आहे आणि जवळच बीबी करीमाची. मी ती पाहिली आहे. तेथे गर्दी नसते, दुकाने नसतात. सोबतच्या मुलींना सांगावे की, येथे एक मुलगा निजला आहे ज्याला बाजारात विकले होते. आणि एका बाईने त्याला मोकळे केले होते.